लांब पल्ल्याच्या विमानाचे भाडे कसे ठरते : पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्यांसाठी स्पर्धेचा हिशेब

लांब पल्ल्याच्या प्रवासाचे तिकीट पहिल्यांदाच स्वतः काढायला बसलेला माणूस बुचकळ्यात पडतो, कारण भाडे आणि अंतर यांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे त्याला दिसतच नाही. सात तासांचा प्रवास अकरा तासांच्या प्रवासापेक्षा महाग निघतो, मोठा वळसा घालून जाणारे विमान सरळ जाणाऱ्या विमानापेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि एकाच विमानातील एकाच रांगेतली दोन आसने दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी, दोन निरनिराळ्या किमतींना विकली जात असतात. यामागे कसली जादू नसते. इंधन, वैमानिक, विमानाचे भाडेपट्टे आणि विमानतळाचे शुल्क यांतून भाड्याची तळरेषा ठरते हे खरे. पण त्या तळरेषेच्या किती वर आपल्याकडून पैसे घेता येतील, हे मुख्यतः त्या दोन शहरांदरम्यान एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असे किती विक्रेते आहेत यावर ठरते. हे विक्रेते मोजायचे कसे आणि त्या मोजणीचा तिकीट काढताना उपयोग कसा करायचा, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. साधारणपणे सहा तासांहून अधिक उड्डाण असेल तर त्याला येथे लांब पल्ला म्हटले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- सर्व प्रवाशांचे पासपोर्ट. नावाचे स्पेलिंग पासपोर्टच्या खालच्या भागातील यंत्राने वाचायच्या दोन ओळींवरून घ्यावे. पुष्कळ देशांत प्रवेशासाठी पासपोर्टची मुदत आणखी सहा महिने शिल्लक लागते, तेही पाहून ठेवावे.
- ज्या देशांत विमान बदलावे लागू शकते, त्या देशांचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम. हे नियम सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत.
- जाण्याच्या आणि येण्याच्या तारखांना दोन्ही बाजूंनी किती दिवसांची सवड आहे, याचा स्पष्ट आकडा.
- भाडी एकत्र दाखवणारी किमान दोन शोधसाधने, आणि त्यांखेरीज संबंधित विमान कंपन्यांची स्वतःची संकेतस्थळे.
- एक साधी वही किंवा स्प्रेडशीट. तारीख, मार्ग, प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी, सामानासह एकूण भाडे आणि मधला थांबा एवढे पाच रकाने पुरतात.
- शक्य असल्यास क्रेडिट कार्ड. त्याचे कारण चौथ्या टप्प्यात येईल.

१. आधी दोन टोके ठरवा, मधला मार्ग मोकळा ठेवा

प्रवासी मनात विमानाचा विचार करतो, तर कंपनी दोन शहरांच्या जोडीचा. तुम्हाला अ शहरातून क शहरात जायचे असेल, तर थेट उडणारी कंपनी तुमच्यासाठी त्याच मार्गावरच्या दुसऱ्या थेट कंपनीशी तर झुंजतेच, शिवाय ब, ड किंवा फ शहरात विमान बदलायला लावून तुम्हाला क शहरात पोहोचवणाऱ्या प्रत्येक कंपनीशीही झुंजते. मधल्या शहरातील या कंपन्यांना थेट सेवेची सोय देता येत नाही, म्हणून त्या भाड्यात सूट देतात. वळशाचा प्रवास स्वस्त असण्याचे कारण एवढेच आहे. त्यात इंधन अधिक जळते, विमानतळही अधिक लागतात, तरीही तो स्वस्त असतो. कारण विमान कसेही त्या मार्गांवर उडणारच असते आणि रिकाम्या जाणाऱ्या आसनाचे जेवढे मिळतील तेवढे पैसे कंपनीला हवे असतात.

दुबईची एमिरेट्स १९८५ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत एमिरेट्स, कतार एअरवेज, एतिहाद आणि तुर्किश एअरलाइन्स यांनी याच तत्त्वावर आपली मोठी केंद्रे उभारली. स्वतःच्या शहरात उतरणारे प्रवासी तुलनेने थोडे असले तरी युरोप, आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधला प्रवासी आपल्या विमानतळावरून फिरवून नेणे, हा त्यांचा मुख्य धंदा. त्यामुळे ज्या शहरांमध्ये थेट सेवा एकाच कंपनीकडे आहे, तिथेही भाड्याला काही ना काही लगाम बसतो.

हा लगाम केवढा, ते प्रवाशाच्या प्रकारावर अवलंबून असते. सभेसाठी जाऊन दोन दिवसांत परतणारा माणूस वळसा घेत नाही, म्हणून त्याच्यापुरती थेट कंपनीची मक्तेदारी शाबूत राहते. सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळील न्यूअर्क ही अठरा तासांहून अधिक वेळ घेणारी विनाथांबा सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा त्या विमानात इकॉनॉमी वर्ग ठेवलाच नाही : ६७ आसने बिझनेसची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची. स्वस्त तिकीट शोधणारा प्रवासी मधे थांबूनच जाणार, हे कंपनीने गृहीत धरले होते. तुम्हाला वेळेची निकड नसेल तर तुम्ही या दुसऱ्या बाजारात आहात, आणि तिथे विक्रेते अधिक असतात.

म्हणून पहिल्या शोधात ‘फक्त थेट’ ही खूण करू नका. तसेच दोन्ही टोकांना एकापेक्षा अधिक विमानतळ असतील, किंवा रेल्वेने दोन-तीन तासांवर दुसरे मोठे विमानतळ असेल, तर तेही शोधात घ्या.

२. त्या मार्गावर उडण्याची मुभा कोणाला आहे ते पाहा

हा टप्पा बहुतेक लोक वगळतात, पण एखादा मार्ग कायमच महाग का असतो त्याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते. आंतरराष्ट्रीय मार्गावर कोणालाही वाटेल तेव्हा विमान सुरू करता येत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार आपल्या आकाशावर प्रत्येक देशाचा पूर्ण अधिकार आहे, आणि नियमित सेवेसाठी दोन देशांत हवाई सेवा करार असावा लागतो. कोणत्या कंपन्या, आठवड्याला किती फेऱ्या, कोणती विमानतळे, हे सारे त्या करारात बांधलेले असू शकते.

याचा गाजलेला नमुना म्हणजे ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील १९७७ चा करार, जो ‘बर्म्युडा दोन’ म्हणून ओळखला जातो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून अमेरिकेला उडण्याची परवानगी त्याने दीर्घकाळ दोन अमेरिकी आणि दोन ब्रिटिश कंपन्यांपुरती मर्यादित ठेवली. ती अट युरोपीय संघ आणि अमेरिका यांचा खुल्या आकाशाचा, म्हणजे कंपन्यांवर व फेऱ्यांवर अशी बंधने न ठेवणारा, करार ३० मार्च २००८ पासून लागू झाला तेव्हा सुटली.

सिडनी ते लॉस एंजेलिस या मार्गाचा इतिहास नवख्याने मुद्दाम समजून घ्यावा, कारण स्पर्धा येणे आणि ओसरणे दोन्ही त्यात दिसते. बराच काळ तिथली थेट सेवा मुख्यतः क्वांटास आणि युनायटेड या दोघांकडे होती. सिंगापूर एअरलाइन्सने या मार्गावर शिरू द्या म्हणून मागणी केली, ती ऑस्ट्रेलियन सरकारने २००६ मध्ये फेटाळली. पुढे दोन्ही देशांत खुला करार झाला आणि २००९ मध्ये आधी व्ही ऑस्ट्रेलिया व नंतर डेल्टा अशा दोन नव्या कंपन्या आल्या. भाडी झपाट्याने खाली आली. मात्र २०११ मध्ये या दोन नव्या कंपन्यांनाच आपसांत संयुक्त उपक्रम करण्याची, म्हणजे वेळापत्रक आणि भाडे मिळून ठरवण्याची, मंजुरी मिळाली. विमाने तेवढीच राहिली, एक विक्रेता मात्र कमी झाला.

करार खुला असला तरी विमानतळ भरलेला असू शकतो. हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० उड्डाणे आणि अवतरणे एवढीच मर्यादा आहे, आणि उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, त्या जुन्या कंपन्यांकडे वारशाने चालत आलेल्या आहेत. मिळालेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले की ते पुढच्या हंगामात आपोआप टिकतात. नव्या कंपनीला ते जवळजवळ विकतच घ्यावे लागतात. ओमान एअरने २०१६ मध्ये तिथल्या स्लॉटच्या एका जोडीसाठी (एक उतरण्याचा, एक उडण्याचा) सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. एवढी रक्कम ओतून आलेला विक्रेता भाडे फार पाडणार नाही, हे उघड आहे.

आकाश बंद होण्यानेही स्पर्धेचा तोल बिघडतो. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येईनासे झाले आणि हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे नऊ तासांचे उड्डाण तेरा तासांच्या घरात गेले. चिनी कंपन्या मात्र रशियावरून उडत राहिल्या, त्यामुळे युरोप-चीन मार्गावर त्यांचा वेळ आणि इंधन दोन्ही वाचते. ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्झा यांनी २०२४ मध्ये आपली बीजिंग सेवा थांबवली त्यामागे ही विषमता होती.

तुम्ही काय करावे? संबंधित दोन देशांची नावे आणि ‘हवाई सेवा करार’ एवढ्यावर एक शोध घ्या. फेऱ्यांवर बंधन असेल, तर थेट भाडे खाली येण्याची वाट पाहत बसू नका. शेजारच्या खुल्या देशातून जाण्याचा पर्याय तपासा.

३. यादीतील ओळी सोडा, विक्रेते मोजा

शोधसाधनावर एका दिवसाची यादी उघडली की वीस-पंचवीस पर्याय दिसतात आणि स्पर्धा भरपूर आहे असे वाटते. आता ती यादी जवळून वाचा. समजा, पहिल्या ओळीत रात्री १०.४० ला निघून सकाळी ६.१५ ला पोहोचणारे विमान आहे. चौथ्या ओळीत दुसऱ्या कंपनीचे नाव आणि दुसरा उड्डाण क्रमांक आहे, पण वेळ तीच, १०.४० आणि ६.१५. नवव्या ओळीत तिसरे नाव आहे आणि पुन्हा तीच वेळ. ओळीवर टिचकी मारून तपशील उघडला की बारीक अक्षरांत ‘संचालन अमुक कंपनीचे’ असे लिहिलेले सापडते. तिन्ही ओळी एकाच विमानाच्या आहेत. याला कोडशेअर म्हणतात. एकाच गोदामातला माल तीन पाट्या लावून विकल्यासारखा हा प्रकार आहे. यातील प्रत्येक ओळ स्वतंत्र पर्याय म्हणून मोजली तर हिशेब पहिल्याच पायरीवर फसतो.

मोजणी तीन चाळण्यांतून करावी.

पहिली चाळणी प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीची. सारख्या वेळेच्या सर्व ओळी एकत्र करा.

दुसरी चाळणी मालकीची. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया आणि एअर लिंगस या एकाच आयएजी समूहाच्या आहेत. लुफ्तान्झा समूहात स्विस, ऑस्ट्रियन आणि ब्रसेल्स एअरलाइन्स येतात. एअर फ्रान्स आणि केएलएम यांचा समूह एकच. विमानाच्या शेपटीवरचा रंग वेगळा असला तरी भाड्याचे धोरण ठरवणारे हात शेवटी एकाच घरचे असतात.

तिसरी चाळणी संयुक्त उपक्रमाची, आणि इथे चांगले अनुभवी प्रवासीही चुकतात. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) या मोठ्या युती आहेत, परंतु केवळ युतीत असल्याने दोन कंपन्यांना भाडे मिळून ठरवता येत नाही. त्यासाठी स्पर्धा कायद्यातून खास सूट लागते. ती मिळाली की त्या ठरलेल्या मार्गांवर वेळापत्रक, भाडे आणि उत्पन्न तिन्ही वाटून घेता येतात, आणि प्रवासी कोणाच्या विमानात बसला याने त्यांना फारसा फरक पडत नाही. अशी पहिली मोठी सूट नॉर्थवेस्ट आणि केएलएम यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाली. आज अटलांटिक महासागरावर तीन मोठे गट आहेत : अमेरिकन एअरलाइन्स आणि ब्रिटिश एअरवेज यांच्याभोवतीचा, युनायटेड आणि लुफ्तान्झा यांच्याभोवतीचा, आणि डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम व व्हर्जिन अटलांटिक यांचा. जगातील सर्वांत गजबजलेल्या लांब पल्ल्याच्या बाजारातील बहुतांश आसने या तिघांकडे आहेत.

या उपक्रमांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते अन्यायाचे होईल. दोन कंपन्यांची जोडलेली तिकिटे पूर्वी फार महाग पडत, कारण प्रत्येक जण आपल्या टप्प्यावर नफा लावत असे. उत्पन्न एकत्र झाल्यावर लहान शहरांतून निघणाऱ्या, मधे विमान बदलणाऱ्या प्रवाशाला एकसंध आणि पुष्कळदा स्वस्त तिकीट मिळू लागले. तोटा होतो तो दोन मोठ्या केंद्रांमधल्या थेट प्रवाशाचा, कारण पूर्वी तिथे आमनेसामने असलेल्या दोन कंपन्या आता एक होतात. तुम्ही यांपैकी कोणत्या प्रकारचे प्रवासी आहात ते ओळखा.

तीनही चाळण्यांनंतर वहीत जे नाव उरेल, तोच खरा विक्रेता. माझा ठोकताळा असा आहे : एकच उरला तर तारखा आणि विमानतळ बदलण्यावर सगळा जोर द्यावा, दोन उरले तर वर्षाच्या शांत हंगामात सूट मिळण्याची शक्यता धरावी, आणि तीन किंवा अधिक उरले तर थोडी वाट पाहणे परवडते.

४. स्वस्त कंपनी मार्गावर असेल तर तिचा फायदा घ्या, पण बेताने

एका नव्या स्वस्त कंपनीच्या येण्याने सगळ्यांचीच भाडी खाली येतात, तिच्या विमानात न बसणाऱ्यांचीही. ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांनी २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला ‘स्कायट्रेन’ सुरू केली तेव्हा एकेरी भाडे ५९ पौंड होते, आणि मोठ्या कंपन्यांना आपले दर त्यापाठोपाठ खाली आणावे लागले. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी लेकर यांची कंपनी बुडाली. इतर कंपन्यांनी संगनमताने तिला संपवले, असा दावा न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये तडजोडीने मिटला.

नॉर्वेच्या नॉर्वेजियन या स्वस्त कंपनीने २०१३ मध्ये लांब पल्ल्यावर हाच प्रयोग नव्या विमानांसह केला. प्रतिसादात आयएजी समूहाने २०१७ मध्ये लेव्हल नावाचा स्वतःचा स्वस्त ब्रँड काढला, आणि २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी अटलांटिकवर फक्त हातसामानाचे स्वस्त भाडे आणले. आइसलँडची वॉव एअर ही अशीच स्वस्त कंपनी मार्च २०१९ मध्ये बंद पडली, आणि नॉर्वेजियनने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्यातून माघार घेतली. ते स्वस्त भाडे मात्र मोठ्या कंपन्यांकडे आजही आहे, आणि आता सामानाचे व आसननिवडीचे पैसे वेगळे काढण्याचे ते साधन झाले आहे.

स्वस्त कंपन्या छोट्या पल्ल्यावर तगतात आणि लांब पल्ल्यावर कोलमडतात, याला कारण आहे. छोट्या पल्ल्यावर विमान जमिनीवर कमी वेळ ठेवून दिवसाला अधिक फेऱ्या मारता येतात. दहा तासांच्या उड्डाणात ही बचत नगण्य ठरते. इंधनाचा वाटा वाढतो आणि तो सगळ्यांना सारख्याच दराने पडतो. मोठ्या कंपनीला बिझनेस वर्ग आणि विमानाच्या पोटातून नेलेला माल यांतून जे उत्पन्न मिळते ते हिच्याकडे कमी असते, आणि मंदीच्या हंगामात मोठी विमाने भरता येत नाहीत. या शेवटच्या अडचणीवर लहान पण दूर उडणारी विमाने हा उपाय दिसतो. आयबेरियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये माद्रिद ते बोस्टन मार्गावर एअरबस ए३२१ एक्सएलआर पहिल्यांदा वापरले. अशा विमानामुळे मध्यम आकाराच्या शहरांतूनही थेट सेवा परवडू शकते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की नव्या कंपनीचे तिकीट घ्यायला हरकत नाही, पण ते वर्षभर आधी घेऊ नये. पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत, कारण कंपनी बंद पडल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे रक्कम परत मागण्याचा मार्ग अनेक देशांत उपलब्ध असतो. आणि तुलना नेहमी सामान, आसन व जेवण धरून करावी. स्वस्त कंपनी आठवड्यातून दोन-तीनच फेऱ्या करत असेल, तर एक फेरी रद्द झाल्यावर पुढची कधी, हेही पाहावे.

५. भाडे फोडून वाचा

पैसे भरण्यापूर्वीच्या पानावर ‘भाड्याचा तपशील’ उघडा. त्यात तीन थर असतात : मूळ भाडे, कंपनीने लावलेले अधिभार, आणि सरकार व विमानतळाचे कर. स्पर्धेने घटतात ते पहिले दोन. तिसऱ्या थरावर कितीही कंपन्या आल्या तरी परिणाम होत नाही.

अधिभार हा इंधनाचा खर्च असल्यासारखा मांडला जातो, पण तो कंपनीचा स्वतःचा दर आहे. २००४ ते २००६ या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांनी लांब पल्ल्यावरील इंधन अधिभार संगनमताने वाढवले. त्या अवधीत परतीच्या तिकिटावरचा अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. ब्रिटिश एअरवेजला २००७ मध्ये अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा दंड झाला, आणि माहिती आधी दिल्यामुळे व्हर्जिनला सूट मिळाली. वारंवार प्रवास करून साठवलेल्या मैलांवर मिळणारे ‘मोफत’ तिकीट घेणाऱ्याने हा थर आवर्जून पाहावा, कारण पुष्कळ कंपन्या तिथेही अधिभार पूर्ण वसूल करतात.

करांतला फरक प्रवास कुठून सुरू होतो त्यावर असतो. ब्रिटनमधून ५,५०० मैलांहून दूर जाणाऱ्या इकॉनॉमी प्रवाशाला १ एप्रिल २०२५ पासून ९४ पौंड हवाई प्रवासी कर लागू झाला, आणि प्रीमियम इकॉनॉमीपासून पुढे तो दुपटीहून अधिक होता. दुसऱ्या देशातून एकाच तिकिटावर येऊन चोवीस तासांच्या आत पुढे जाणाऱ्या प्रवाशाला मात्र तो लागत नाही. दोन पर्यायांतील फरकाचे कारण कधी कधी एवढेच असते.

६. कधी विकत घ्यायचे

मंगळवारी मध्यरात्री तिकिटे स्वस्त होतात, किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडली की भाडे उतरते, या गोष्टींवर वेळ घालवू नका. प्रत्यक्षात एकाच इकॉनॉमी वर्गाचे अक्षरांनी ओळखले जाणारे दहा-बारा भाव असतात, आणि प्रत्येक भावाला किती आसने मोकळी ठेवायची हे कंपनीची संगणकप्रणाली मागणी पाहून बदलत असते. प्रतिस्पर्ध्याने दर उतरवला की तो काही तासांत कळतो, कारण भाडी सामाईक यंत्रणेतून प्रसिद्ध होतात. याच यंत्रणेतून कंपन्या एकमेकींना भाववाढीचे इशारे देतात, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९२ मध्ये आठ कंपन्यांवर खटला भरला होता आणि तो बंधने मान्य करून मिटवला गेला.

व्यवहारात एवढे करावे : तारखा ठरताच भाड्याच्या सूचना लावा, काही आठवडे वहीत नोंदी ठेवा, आणि भाडे त्या पट्ट्याच्या तळाशी आले की घ्या. त्याहून खाली जाईल या आशेने थांबण्याचे धाडस विक्रेते तीन किंवा अधिक असतील तरच करावे. एकेरी भाडेही पाहून ठेवा. जुन्या कंपन्यांच्या मार्गावर ते परतीच्या भाड्याइतकेच, कधी त्याहूनही अधिक असते. स्वस्त कंपनी शिरलेल्या मार्गावर सहसा निम्म्याच्या आसपास येते. त्या मार्गावर खरी स्पर्धा आहे का, याची ही झटपट चाचणी आहे.

७. या दोन सापळ्यांपासून सावध राहा

पहिला सापळा स्वतः जोडलेल्या तिकिटांचा. दोन स्वतंत्र तिकिटे घेतली तर प्रत्येक टप्प्यावरची स्पर्धा वेगवेगळी वापरता येते आणि बचत मोठी दिसते. पण पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते. सामान मधे स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते, म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा लागतो. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर केवळ विमान बदलायचे असले तरी प्रवेशाची तपासणी चुकत नाही. काही शोधसाधने अशी तिकिटे आपणच जोडून दाखवतात; ‘स्वतः स्थानांतर’ किंवा ‘सेल्फ ट्रान्सफर’ अशी खूण दिसली की थांबून विचार करावा. हा मार्ग घ्यायचाच असेल तर मधे एक रात्र ठेवावी.

दुसरा सापळा शेवटचा टप्पा सोडून देण्याचा. अ ते ब हे थेट भाडे महाग आणि ब मार्गे क पर्यंतचे स्वस्त, असे स्पर्धेमुळे सहज होते, म्हणून काही जण क पर्यंतचे तिकीट घेऊन ब ला उतरतात. कंपन्यांच्या अटींत याला मनाई असते, सोपवलेले सामान क ला जाते, आणि एक टप्पा गाळला की पुढचे सर्व टप्पे, परतीसह, रद्द होतात.

८. तिकीट घेताना आणि घेतल्यावर

भाडे सारखे किंवा थोडे अधिक असले तरी तिकीट मधल्या विक्रेत्याकडून न घेता विमान कंपनीकडूनच घ्यावे, असे माझे मत आहे. बदल करायची वेळ आली की मधला विक्रेता आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि त्यात पहिले काही तास हातचे जातात. कोडशेअर असेल तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचाही आरक्षण क्रमांक मागून घ्या. आसननिवड आणि चेक-इन पुष्कळदा त्यावरच होते. तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक आला आहे ना, ते तपासा. नुसता पीएनआर म्हणजे आरक्षण झाले, तिकीट निघालेच असे नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणाचे तिकीट विमान कंपनीकडूनच प्रस्थानापूर्वी सात दिवस किंवा त्याआधी घेतले असेल, तर कंपनीने चोवीस तास विनाशुल्क रद्द करण्याची किंवा पैसे न भरता भाडे राखून ठेवण्याची यांपैकी एक सोय द्यावी लागते. रद्द करण्याची सोय असेल तर चांगले भाडे दिसताच घेऊन उरलेली शोधाशोध त्यानंतर करता येते.

युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या, किंवा संघात येणाऱ्या युरोपीय कंपनीच्या ३,५०० किलोमीटरहून लांब उड्डाणाला चार तासांहून अधिक उशीर झाला आणि कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे नसेल, तर सध्याच्या नियमानुसार ६०० युरो भरपाई मागता येते. येणाऱ्या उड्डाणाला हा नियम विमान चालवणारी कंपनी युरोपीय असेल तरच लागू होतो, म्हणून तिकिटावरचे नाव आणि विमानावरचे नाव यांतला फरक इथेही महत्त्वाचा ठरतो. सोपवलेले सामान हरवल्यास माँट्रियल कराराखालील कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. सामान खराब झाल्यास सात दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

लांब पल्ल्याची वेळापत्रके तिकीट घेतल्यापासून निघेपर्यंत अनेकदा बदलतात, विशेषतः हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक बदलताना. बदलाचा ईमेल आला की ‘मान्य’ हे बटण लगेच दाबू नका. मधला थांबा फार तोकडा किंवा फार लांब झाला असेल, तर त्याच दिवसाचे दुसरे उड्डाण, संयुक्त उपक्रमातल्या भागीदाराचे असले तरी, विनाशुल्क देण्याची मागणी करा. उत्पन्न वाटून घेणाऱ्या कंपनीला ते देणे तुलनेने सोपे असते. हवे असलेले उड्डाण क्रमांकासह आधी शोधून ठेवा, मगच फोन करा.